राग फोटोत कुठे दिसतो?

"ताई, ह्यात मनातलं पण दिसतं का हो?"

एमआरआयच्या खोलीबाहेर अंगठी, घड्याळ, मंगळसूत्र काढून नातेवाइकाच्या हाती देताना हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात निम्मी चेष्टा असते, निम्मी धास्ती. मी टेक्नॉलॉजिस्ट, रिपोर्ट लिहिणारी डॉक्टर नव्हे. पेशंटला सरळ झोपवायचं, डोक्यावर कॉइल बसवायची, "घाबरायला झालं तर दाबा" म्हणून हातात रबरी फुगा द्यायचा आणि काचेपलीकडे बसून चित्रं घ्यायची, हे माझं काम. पूर्वी "नाही हो, गाठबीठ असेल तर तेवढी दिसते" असं म्हटलं की पेशंटचं समाधान व्हायचं. आता होत नाही. मेंदूच्या स्कॅनवरून राग, भीती, मत्सर ओळखल्याच्या बातम्या लोक मोबाइलवर वाचून येतात आणि त्या बातम्या सपशेल खोट्याही नसतात.

त्यांतली मला सगळ्यात आवडलेली बातमी 2013 सालची, अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातली. करीम कासम, मार्सेल जस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक साधी अडचण होती: स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसाला हुकमी राग आणायचा कसा? शिवी द्यावी तर ती एकदाच लागू पडते. त्यांना तर तीच भावना पुन्हापुन्हा, आलटूनपालटून हवी होती. तेव्हा त्यांनी विद्यापीठाच्या नाट्यविभागाशी जोडलेले 10 नट गाठले. राग, किळस, मत्सर, भीती, आनंद, कामवासना, अभिमान, दुःख आणि लाज अशा 9 भावना ठरवल्या. कुठली भावना जागी करायला कुठला प्रसंग आठवायचा, हे प्रत्येक नटाने आधीच लिहून ठेवलं होतं. पडद्यावर शब्द आला की त्या भावनेत शिरायचं, पुढचा शब्द आला की तिच्यातून बाहेर पडून दुसरीत. कॉम्प्युटरला यांतल्या काही स्कॅनवर "हा राग, ही लाज" अशी लेबलं लावून शिकवलं आणि उरलेले स्कॅन ओळखायला दिले.

त्याने ते बऱ्यापैकी ओळखले. निकाल 0.84 असा छापून आला आणि पुष्कळांनी त्याचा अर्थ "84 टक्के अचूक" असा लावला. तो तसा नाही. कॉम्प्युटर दर वेळी नऊही भावनांची उतरती यादी करत होता आणि खरी भावना त्या यादीत किती वर आली, याचा तो गुण आहे. नेहमी पहिली आली तर 1, नुसत्या अंदाजपंचे उत्तरांना 0.50. माझ्या हिशेबाने 0.84 म्हणजे खरी भावना सरासरी दुसऱ्या क्रमांकाच्या जरा खाली. हा आकडा ज्या नटावर शिकला त्याच नटाला ओळखण्याचा. नऊ जणांवर शिकून दहाव्याला ओळखायचं म्हटलं की गुण 0.71 वर आला. आनंद सर्वांत चांगला ओळखू आला, मत्सर सर्वांत वाईट. मत्सर लपवायची सवय आपल्याला लहानपणापासून असते म्हणून की काय, असं मला वाटून गेलं. पण हे माझं मत, संशोधकांचं नव्हे.

त्यांची आणखी एक परीक्षा जास्त पटणारी होती. त्याच लोकांना किळसवाणे फोटो दाखवले. इथे अभिनय नाही, आठवण नाही. समोर घाण दिसली आणि पोटात ढवळलं. नटांच्या ठरवून आणलेल्या किळसेवर शिकलेल्या कॉम्प्युटरने या खऱ्या किळसेला 60 टक्के वेळा यादीत पहिला क्रमांक दिला आणि 80 टक्के वेळा पहिल्या दोघांत बसवलं. म्हणजे रंगमंचावरची किळस आणि गटारापाशी वाटणारी किळस यांच्यात मेंदूच्या पातळीवर काहीतरी समान आहे. हौशी नाटकवाल्यांनी हे जरूर वाचावं.

पण मशीन नेमकं काय मोजतं, ते बातमीत दोन ओळींत उरकतात आणि खरी गोम तिथेच आहे.

आपलं साधं एमआरआय शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनवर चालतं. भावनांसाठी वापरतात ते फंक्शनल एमआरआय. मशीन तेच, 1.5 किंवा 3 टेस्लाचं. लक्ष मात्र रक्तावर. ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त आणि ऑक्सिजन देऊन परत निघालेलं रक्त चुंबकाच्या दृष्टीने किंचित वेगळं वागतं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताज्या रक्ताचा ओघ वाढतो. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने 1990 साली या फरकाचं चित्र काढता येतं हे दाखवून दिलं आणि हे सगळं क्षेत्र उभं राहिलं. फरक किती? साधारण एक ते तीन टक्के. कधी दिसतो? पेशी कामाला लागल्यावर पाच-सहा सेकंदांनी तो शिगेला पोचतो. राग येऊन, तोंडातून शब्द जाऊन, त्याचा पश्चात्तापही सुरू झालेला असतो तेव्हा कुठे रक्ताचा पूर शिखरावर येतो. आणि ज्या बारीक घनात आम्ही हे मोजतो तो एका बाजूने दोन-तीन मिलिमीटरचा. त्यात काही लाख चेतापेशी. सोसायटीच्या जिन्याखालचे विजेचे मीटर बघून कोणाच्या घरात जास्त वीज जळते आहे ते कळतं. घरात भांडण चाललंय की वाढदिवस, ते मीटर सांगत नाही.

चित्रातले ते लाल-पिवळे ठिपकेही मेंदूत पेटलेले दिवे नव्हेत. मूळ चित्र राखाडीच असतं. विश्रांतीतला रक्ताचा आकडा आणि कामातला आकडा यांची तुलना करायची, फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर सॉफ्टवेअर तिथे रंग भरतं. मर्यादा ठरवणारा माणूस असतो. ती सैल केली की मेंदू दिवाळीसारखा दिसतो, घट्ट केली की काळोख.

आमच्याकडे हे तंत्र भावनांसाठी वापरत नाहीत, मेंदूतली गाठ काढण्याआधी वापरतात. बोलण्याचा भाग आणि हाताचा भाग गाठीपासून किती लांब आहे हे सर्जनला हवं असतं. मग आम्ही सांगतो, "मावशी, 'क'वरून शब्द मनातल्या मनात म्हणा. ओठ हलवायचे नाहीत." मावशी कमळ, कणीस, कढई म्हणत राहतात आणि डाव्या बाजूचा एक भाग उजळतो. इथे मशीनला मनातलं कळलं का? कढई कळली नाही. शब्द शोधण्याचं काम चाललंय एवढं कळलं, तेही आम्हीच ते काम सांगितलं होतं म्हणून. आणि मावशी कंटाळून झोपल्या की चित्र बिघडतं.

भावनांच्या बाबतीत बिघडायला आणखी जागा आहेत. माणूस खरोखर हसला किंवा रडला तर डोकं हलतं आणि डोकं हललं की तो डेटा टाकून द्यावा लागतो. म्हणजे न हलता जेवढं दुःख होतं तेवढंच आम्ही टिपू शकतो! भीती वाटली की श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आमचा आकडा सगळीकडेच बदलतो, विचारांशी काही संबंध नसताना. त्यात ते बोगद्यासारखं तोंड, कानात बोळे घालूनही ऐकू येणारी धडधड. काही पेशंट आत जाण्यापूर्वीच रामरक्षा पुटपुटायला लागतात. अशा माणसाची "शांत अवस्था" तुलनेसाठी घ्यायची तर ती आणायची कुठून?

हे सगळं नवं आहे असं मात्र समजू नये. रक्तावरून मन ओळखायचा खटाटोप एकोणिसाव्या शतकात इटलीत तुरिनला आंजेलो मोस्सो नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने केला होता. त्याच्याकडे बर्तिनो नावाचा शेतकरी होता. अपघाताने त्याच्या कवटीला भोक पडलेलं आणि त्यातून मेंदूची धडधड दिसायची. मोस्सोने त्यावर यंत्र बसवून कागदावर रेघ काढायची सोय केली. एकदा दुपारी बारा वाजता चर्चची घंटा वाजली आणि हाताची नाडी होती तशीच असताना मेंदूची रेघ मात्र उसळली. मोस्सोने विचारलं, घंटेने प्रार्थनेची आठवण झाली का? बर्तिनो हो म्हणाला. पुढे मोस्सोने माणसाला आडवं झोपवायचा एक लाकडी तराजूही केला. विचार किंवा भावना आली की डोक्याकडे रक्त जाऊन ती बाजू खाली झुकावी, अशी त्यामागची कल्पना. आजचं कोट्यवधींचं मशीन याच तराजूच्या वंशातलं आहे. मला या गोष्टीत घंटेपेक्षा मोस्सोचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. रेघ उसळली हे यंत्राने सांगितलं. ती प्रार्थनेमुळे उसळली हे बर्तिनोने सांगितलं. कार्नेगी मेलनच्या कॉम्प्युटरलाही लेबलं दिली ती नटांनीच. माणसाने आधी आपलं आपण सांगायचं, मग यंत्राने ते ओळखायचं, हा क्रम त्यानंतरही बदललेला नाही.

लोकांना हा क्रम उलटा हवा असतो. अमुक भाग उजळला, अर्थात अमुक भावना. यातला सगळ्यांना ठाऊक असलेला भाग म्हणजे अमिग्डाला, कानशिलाच्या आत खोलवर असलेला बदामाएवढा पुंजका. "भीतीचं केंद्र" म्हणून शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचलेला. त्याला आधार आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं एका बाईचा अभ्यास केला. एका दुर्मीळ आजाराने तिचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट झालेले. शास्त्रीय लेखनात ती एस. एम. या आद्याक्षरांनीच येते. तिला साप-कोळी विकणाऱ्या दुकानात नेलं तर ती साप हातात घेऊन कौतुकाने बघत बसली. भुताटकीच्या म्हणून सजवलेल्या इमारतीत नेलं तर तीच सगळ्यांच्या पुढे. भीती म्हणून नाहीच, असं वाटावं. पण 2013 साली तिला आणि अशाच आणखी दोघींना 35 टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा तिघीही भीतीने कासावीस झाल्या. बाहेरून येणारी भीती गेली होती, छातीत उठणारी शाबूत होती. "केंद्र" नसताना भीती आली कुठून? शिवाय अमिग्डाला फक्त भीतीला जागा होतो असंही नाही. नवी, महत्त्वाची, कधी आनंदाची गोष्ट समोर आली तरी तो हालचाल दाखवतो. आणि तंत्राच्या बाजूने सांगायचं तर तो हवेच्या पोकळीजवळ आणि एका मोठ्या शिरेशेजारी बसलेला असल्याने तिथलं चित्र काढणं म्हणजे आमची डोकेदुखीच.

इन्सुला नावाच्या दुसऱ्या एका भागाची गंमत तर जगजाहीर झाली. 2011 साली 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये एका मार्केटिंगवाल्याने लिहिलं की आयफोनची रिंग ऐकताना लोकांचा इन्सुला उजळतो, म्हणजे लोकांचं फोनवर खरंखुरं प्रेम आहे. त्यावर चाळीसेक मेंदूशास्त्रज्ञांनी मिळून आक्षेपाचं पत्र धाडलं. इन्सुला किळसेत उजळतो, दुखण्यात उजळतो, पोटात कालवाकालव झाली तरी उजळतो. सगळ्या मेंदू-चित्रण अभ्यासांपैकी जवळजवळ एकतृतीयांश अभ्यासांत तो हजर असतो. तेवढ्यावरून प्रेम सिद्ध करायचं तर तीच चित्रं दाखवून लोकांना आयफोनची शिसारी येते असंही छापता आलं असतं.

आता त्या माशाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतल्या क्रेग बेनेट या संशोधकाने एक अख्खा सामन मासा आणला, मेलेला. तो स्कॅनरमध्ये ठेवला आणि रीतसर माणसांवर करतात तोच प्रयोग त्याच्यावर केला. माशाला माणसांचे फोटो दाखवले आणि प्रत्येक फोटोतल्या माणसाला कोणती भावना वाटत असेल ते ओळखायला सांगितलं. विश्लेषण केलं तर माशाच्या मेंदूत चक्क लाल ठिपका! मेंदूचे हजारो बारीक घन एकाच वेळी तपासले की त्यांतले काही निव्वळ योगायोगाने मर्यादा ओलांडतातच. तो हिशेब दुरुस्त केला नाही तर मेलेला मासाही सहृदय ठरतो. दुरुस्ती केल्यावर ठिपका गायब झाला. 2009 साली मांडलेल्या या कामाला 2012 साली इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. त्याचा चांगला परिणामही झाला; दुरुस्ती न केलेले पेपर छापणं अवघड झालं. तरी 2020 साली एकच डेटा 70 संशोधक-गटांना दिला, तर विश्लेषणाची तंतोतंत तीच पद्धत कोणत्याही दोन गटांनी वापरली नव्हती आणि काही प्रश्नांवर त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत.

मग भावना आहेत तरी कुठे? यावर शास्त्रज्ञांत दोन तट आहेत. एका बाजूला राग, भीती, किळस यांचा प्रत्येकी स्वतंत्र ठसा मेंदूभर पसरलेला असतो आणि कॉम्प्युटर तो ओळखू शकतो, असं म्हणणारे. फिनलंडमधल्या गटाने 2016 साली तसं दाखवलंही. दुसऱ्या बाजूला लिसा फेल्डमन बॅरेट या मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या मते मेंदूत रागासाठी राखीव जागाच नाही. शरीरातली खळबळ, समोरचा प्रसंग आणि लहानपणापासून शिकलेल्या कल्पना यांतून मेंदू दर वेळी राग नव्याने घडवतो. कॉम्प्युटरला सापडतो तो अनेक रागांचा सरासरी नमुना, प्रत्यक्षातला कोणताही एक राग त्याच्याशी जुळेलच असं नाही. मला दुसरी बाजू जास्त पटते, कारण खोलीबाहेर मी रोज बघते: त्याच बातमीने एक नातेवाईक ओरडतो, दुसरा गप्प होतो, तिसरा बिलाची चौकशी करतो. भरताने नाट्यशास्त्रात आठ स्थायी भावांच्या जोडीला येणारे-जाणारे 33 व्यभिचारी भाव मोजले होते. नऊ खणांत माणूस मावत नाही हे आपल्याकडच्या नाटकवाल्यांना जुनं ठाऊक आहे. गांधीनगरच्या आयआयटीत सिनेमातले तुकडे दाखवून मेंदूच्या विद्युतलहरींत नवरस शोधण्याचे प्रयत्नही झाले आहेत.

जिथे माणूस स्वतःहून सांगायला तयार आहे, तिथे या सगळ्याचा उपयोग होईल असं मला वाटतं. 2013 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात नैराश्याच्या रुग्णांचे उपचारापूर्वी पेट स्कॅन घेतले. उजव्या इन्सुलाच्या पुढच्या भागात साखरेचा वापर कमी असणाऱ्यांना बोलण्याच्या उपचाराने बरं वाटलं, जास्त असणाऱ्यांना गोळीने. ही तपासणी अजून रोजच्या दवाखान्यात आलेली नाही. पण सहा-सहा आठवडे एकेक गोळी लागू पडते का बघत बसणाऱ्या पेशंटची घरची मंडळी मी पाहिली आहेत, त्यामुळे त्या दिशेने कोणी जात असेल तर जावं.

जिथे माणूस सांगायला तयार नाही, तिथे काय होतं ते पुण्याने पाहिलं आहे. जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनाच्या आरोपाखाली जन्मठेप सुनावली. पुराव्यात मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत झालेली 'ब्रेन मॅपिंग'ची चाचणी होती. त्यात स्कॅनर नव्हता. डोक्याला इलेक्ट्रोड लावून विद्युतलहरी टिपायच्या आणि आरोपीने गप्प बसून "मी विष विकत घेतलं" अशा धर्तीची वाक्यं ऐकायची. लहरींवरून म्हणे कळतं की हे तिने नुसतं ऐकलेलं आहे की प्रत्यक्ष अनुभवलेलं. जगभरच्या शास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनेही ही पद्धत शास्त्रीय कसोटीला उतरत नसल्याचं म्हटलं. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या तरुणीला जामीन दिला. ज्या मुलीवर असा आरोप आहे तिला ते वाक्य ऐकून काय काय वाटेल? भीती, संताप, मेलेल्या माणसाची आठवण, शेकडो वेळा चौकशीत ऐकलेला तोच शब्द. ह्यातली कुठली लहर कशाची, हे वेगळं काढणारं यंत्र अजून बनायचं आहे.

5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला: नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग कोणावरही जबरदस्तीने करता येणार नाही, संमतीने केलं तरी चाचणीचा निष्कर्ष हाच पुरावा म्हणून चालणार नाही, तिच्यातून पुढे काही वस्तू-माहिती सापडली तर तेवढीच. त्याच महिन्यात अमेरिकेत टेनेसीतल्या फेडरल कोर्टापुढे फंक्शनल एमआरआयचा प्रश्न आला. फसवणुकीचा आरोप असलेल्या एका मानसशास्त्रज्ञाने आपण खरं बोलतो हे सिद्ध करायला स्वतःहून स्कॅन करून घेतले होते. त्यांतल्या एका स्कॅनमध्ये तो खोटं बोलतोय असं निघालं, तेव्हा तो थकला होता असं सांगून स्कॅन पुन्हा घेतला गेला! कोर्टाने तो पुरावा आत येऊ दिला नाही.

आमच्या कामातल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी स्कॅनरमधून खोटं पकडण्याची पद्धत तपासली. सरळपणे भाग घेणाऱ्यांच्या बाबतीत ती 100 टक्के बरोबर आली. मग सहभागी लोकांना एक युक्ती शिकवली: बिनमहत्त्वाचा प्रश्न आला की डाव्या हाताचं बोट किंवा डाव्या पायाचा अंगठा, कोणाला कळणार नाही इतका, किंचित हलवल्यासारखा करायचा. अचूकता 33 टक्क्यांवर घसरली. डोकं हलू नये म्हणून आमच्याकडे स्पंजच्या पट्ट्या आहेत, कपाळावरचा पट्टा आहे. पायाचा अंगठा धरून ठेवायची सोय कुठल्याही कंपनीच्या मशीनमध्ये माझ्या पाहण्यात नाही, आणि ती केली तरी "कमळ, कणीस, कढई" म्हणत पडून राहणाऱ्याचं कोण काय करणार आहे?